आयर्लंडचा शेरीफ : कोर्टाचा कागद दारापर्यंत पोचतो कसा

दिवाणी दावा जिंकला म्हणजे पैसे खिशात आले, असं कुठल्याच देशात होत नाही. हुकूमनामा हातात पडल्यावर खरी पायपीट सुरू होते. आपल्याकडे दरखास्त दाखल करावी लागते, जप्तीचं वॉरंट निघतं, बेलीफ दारात जातो, पंचनामा होतो आणि तरीही कधी कधी हाती काहीच लागत नाही. न्यायाधीश निकाल लिहितो. पण कोणाच्या तरी गोठ्यातली गाय सोडायची, दुकानातला माल उचलायचा, घराचा कब्जा घ्यायचा, हे काम दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं. आयर्लंडमध्ये गेली आठशे वर्षं या दुसऱ्या माणसाचं नाव शेरीफ आहे. आयरिश भाषेत त्याला ‘शिरियम’ म्हणतात.

शेरीफ म्हटलं की घोड्यावरचा, छातीवर चांदणी लावलेला अमेरिकन पोलीस अधिकारी डोळ्यांसमोर येतो. आयर्लंडच्या शेरीफचा पोलिसांशी तसा काही संबंध नाही. मुंबईकरांना मात्र हा शब्द दुसऱ्या वाटेनं ओळखीचा आहे. ‘मुंबईचे नगरपाल’ हे मानाचं पद म्हणजे शेरीफच. १७२६ च्या सनदेनं मुंबईत मेयरचं कोर्ट स्थापन झालं, तेव्हा त्या कोर्टाचे समन्स आणि हुकूम बजावायला हे पद आलं. अमेरिका, मुंबई, आयर्लंड या तिन्ही फांद्यांचं मूळ इंग्लंडमधलं. ‘शायर’ म्हणजे जिल्हा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. जिल्ह्याचा कारभारी तो शेरीफ. प्रत्येक ठिकाणी या पदाचं वेगळंच काहीतरी झालं. आयर्लंडमध्ये जे झालं ते सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे शेरीफ आला तो परक्या सत्तेचा माणूस म्हणून.

काउंटी आधी की शेरीफ?

आज आयर्लंडच्या बत्तीस काउंट्या म्हणजे लोकांचा जिव्हाळ्याचा विषय. हर्लिंगचे आणि गेलिक फुटबॉलचे संघही काउंटीचेच. पण या काउंट्या नकाशावर रेघा ओढून आधी झाल्या आणि मग तिथे अधिकारी नेमला, असं घडलेलं नाही. राजाचा शेरीफ जिथवर जाऊन वसुली करून जिवंत परत येऊ शकत होता, तिथवर काउंटी होती.

११६९ पासून नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरू लागले. त्यांच्या मागोमाग इंग्लंडच्या राजाची कारभारयंत्रणा आली. तेराव्या शतकात डब्लिन, वॉटरफर्ड, कॉर्क, लिमरिक, केरी, टिपरेरी अशा भागांत शेरीफ काम करताना दिसतात. त्यांच्या कामाचा गाभा पैसा होता. राजाच्या जमिनींचं उत्पन्न, दंड, कोर्टाची येणी हे सगळं गोळा करून शेरीफानं वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणाला, डब्लिनच्या खजिन्यात हिशेब द्यायचा. हिशेबात तूट आली तर ती त्याच्याच अंगावर. शेरीफ पगारी नोकर नव्हता. वसुलीची जोखीम डोक्यावर घेतलेला माणूस होता. पुढच्या सगळ्या जुलमाचं बीज इथेच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याला तूट स्वतःच्या खिशातून भरायची आहे, तो गरिबाच्या दारात दया दाखवत नाही.

वसुलीखेरीज त्यानं राजाचे हुकूमनामे बजावायचे, ज्युरीची माणसं बोलवायची, तुरुंग सांभाळायचा, जिल्ह्याचं छोटं कोर्ट भरवायचं आणि हाक दिली की धडधाकट माणसं गोळा करून गुन्हेगारामागे धावायचं. १२९७ च्या डब्लिनच्या संसदेनं यात आणखी एक काम घातलं. प्रत्येक शेरीफानं आपल्या काउंटीतून दोन प्रतिनिधी निवडून आणायचे. त्याच संसदेनं मीथ आणि किल्डेअरसाठी स्वतंत्र शेरीफ ठरवले. निवडणुकीशी जडलेलं हे नातं आजही सुटलेलं नाही.

सगळीकडे मात्र राजाचा शेरीफ चालत नसे. मोठ्या सरदारांना जहागिरी होत्या आणि त्यांत राजासारखेच अधिकार. टिपरेरीत ऑर्मंडच्या घराण्याचा स्वतःचा कारभारी होता. त्याच टिपरेरीतल्या चर्चच्या जमिनी तेवढ्या राजाच्या शेरीफाकडे, त्यामुळे एकाच मुलखात दोन यंत्रणा शेजारी शेजारी नांदत. टिपरेरीची ही सवलत संपायला १७१५ साल उजाडलं.

या काळाचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागतो, याचं एक दुःखद कारण आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’मधलं सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत भस्मसात झालं. शेरीफांच्या हिशेबाच्या मध्ययुगीन गुंडाळ्या त्यातच गेल्या. आज अभ्यासकांकडे आहेत त्या मुख्यतः आधी कोणीतरी करून ठेवलेल्या नकला आणि गोषवारे.

फर्मॅना, १५९३

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या ट्यूडर राजवटीनं उरलेल्या आयर्लंडच्या काउंट्या पाडायला घेतल्या. १५५० च्या दशकात लीश आणि ऑफली, १५७० च्या आसपास पश्चिमेचा कॉनॉट, १५८० च्या दशकात उत्तरेचा अल्स्टर. सगळ्यांत शेवटची विक्लो, १६०६ ची, आणि तीही डब्लिनच्या अगदी उशाशी. डोंगराळ मुलूख, तिथे शेरीफाचं पाऊल टिकत नव्हतं.

गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, सरदाराच्या नजरेतून शेरीफ म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. त्याच्या मुलखात स्वतःचे न्यायशास्त्री होते, ज्यांना ब्रेहन म्हणत. गुन्ह्याची भरपाई गुराढोरांत ठरे. खून झाला तर मेलेल्याच्या प्रतिष्ठेनुसार ‘एरिक’ नावाची भरपाई द्यायची. देणी आणि मानपान पिढ्यान्‌पिढ्यांचे. अशा मुलखात वर्षभरासाठी नेमलेला परका माणूस सैनिक घेऊन येणार आणि म्हणणार की यापुढे न्याय आणि वसुली माझी. वतनदाराला हे कसं वाटलं असेल, ते मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको.

अल्स्टरमधल्या फर्मॅनाचा सरदार मॅग्वायर याच्याबद्दलचा एक प्रसंग पुढे आयर्लंडचे ॲटर्नी जनरल झालेल्या सर जॉन डेव्हिस यांनी लिहून ठेवला आहे. तुझ्या मुलखात शेरीफ घे, असं मॅग्वायरला सांगण्यात आलं. तो म्हणाला, येऊ दे की. फक्त त्याची एरिक किती ते आधी सांगून ठेवा, म्हणजे माझ्या लोकांनी त्याचं मुंडकं उडवलं तर तेवढी रक्कम मला मुलखातून गोळा करता येईल. वरवर हे उर्मट उत्तर वाटतं. नीट पाहिलं तर तो आपल्या कायद्याच्या भाषेत अगदी सरळ प्रश्न विचारतो आहे. दोन कायदे एकमेकांसमोर उभे आहेत आणि दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही.

१५९३ मध्ये कॅप्टन हम्फ्री विलिस हा शेरीफ म्हणून फर्मॅनात आला. बरोबर सैनिक, त्यांच्या बायका, पोरं असा सगळा लवाजमा. हे लोक मुलखाच्या जिवावर जगतात, लुटालूट करतात, हे आयरिश सरदारांचं गाऱ्हाणं होतं. ह्यू मॅग्वायरनं त्यांना एका चर्चमध्ये कोंडलं. अल्स्टरचा मोठा सरदार ह्यू ओ’नील मध्ये पडला म्हणून ते जिवंत बाहेर पडले. तिथून पेटलेलं प्रकरण नऊ वर्षांच्या युद्धापर्यंत गेलं आणि १६०३ मध्ये गेलिक अल्स्टरच्या पराभवानं संपलं. युद्धाला इतरही कारणं होती. पण ठिणगी शेरीफाच्या नेमणुकीची, हे विसरून चालणार नाही.

यादी करणाऱ्याच्या हातात निकाल

सतराव्या शतकानंतर सर्व काउंट्यांत एकच पद्धत बसली. न्यायाधीश दर वर्षी काउंटीमागे तीन नावं सुचवत आणि त्यातल्या एकाला व्हाइसरॉय ‘हाय शेरीफ’ नेमत असे. मुदत एक वर्ष, पगार नाही. वर्षातून दोनदा येणाऱ्या न्यायाधीशांचं स्वागत करायचं, घोडेस्वारांसह मिरवणुकीनं त्यांना कोर्टात न्यायचं, मेजवान्या द्यायच्या, सगळं पदरमोड करून. त्यामुळे हे पद जमीनदारांकडेच राहिलं. जी शहरं स्वतःच काउंटी होती, तिथे महापालिकेचे शेरीफ असत. डब्लिन शहराला १५४८ च्या सनदेनं दोन शेरीफ मिळाले.

एवढा खर्च आणि कटकट असूनही सरकारला ‘आपला’ शेरीफ कशाला लागायचा? याचं उत्तर याद्यांत आहे.

खटल्यासाठी ज्युरीत कोण बसणार, ती यादी शेरीफ करत असे. फौजदारी प्रकरण खटल्यापर्यंत न्यायचं की नाही हे ठरवणारी तेवीस जणांची ग्रँड ज्युरी, तीही तोच निवडत असे. आयर्लंडमध्ये हीच ग्रँड ज्युरी रस्ते, पूल, तुरुंग यांचा खर्च मंजूर करून काउंटीचा कर बसवत असे. म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेचं काम, आणि सभासद एका माणसाच्या मर्जीचे. निवडणुकीत मतदान घेऊन निकाल जाहीर करणाराही शेरीफच. कायद्यात एका अक्षराचा बदल न करता, फक्त शेरीफ बदलून, न्याय, कर आणि संसद तिन्ही फिरवता येत होतं.

हे अक्षरशः घडलं. कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सच्या वतीनं त्याचा आयर्लंडमधला प्रतिनिधी टिरकॉनेल यानं १६८७ मध्ये जवळजवळ सगळे शेरीफ कॅथलिक नेमले आणि १६८९ ची डब्लिनची संसद जवळजवळ पूर्ण कॅथलिक झाली. जेम्सच्या पक्षाच्या १६९१ च्या पराभवानंतर पारडं उलटलं आणि पुढे शतकाहून अधिक काळ शेरीफ प्रॉटेस्टंटच राहिले. कॅथलिकांना या पदाची वाट १८२९ च्या कायद्यानं मोकळी झाली.

याद्यांची ताकद बघायची तर डब्लिनचं १८२२ चं प्रकरण बघावं. डिसेंबरमध्ये थिएटर रॉयलमध्ये व्हाइसरॉय वेलस्ली नाटक बघत असताना कट्टर प्रॉटेस्टंट अशा ऑरेंज गटाच्या लोकांनी त्याच्या दिशेनं बाटली भिरकावली. माणसं पकडली, प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे गेलं आणि ज्युरीनं ते तिथेच निकालात काढलं. ही ज्युरी शेरीफानं मुद्दाम आपल्या माणसांनी भरली, असा आरोप झाला. १८२३ मध्ये लंडनच्या संसदेत शेरीफाच्या वर्तनाची चौकशी झाली. खुद्द व्हाइसरॉयला न्याय मिळेना, तर एखाद्या कॅथलिक कुळाची काय कथा!

यादी हातात असूनही शेरीफ हतबल झाला असा प्रसंग म्हणजे क्लेअरची १८२८ ची पोटनिवडणूक. डॅनियल ओ’कॉनेल कॅथलिक होता. संसदेत बसण्याआधी घ्यायची शपथ कॅथलिकाला घेता येण्यासारखी नव्हती. पण कायद्यानं शपथेची अट घालून संसदेत बसणं अडवलं होतं, उमेदवारी नाही. एनिसला उघड मतदान झालं आणि ओ’कॉनेलला २,०५७ तर प्रतिस्पर्ध्याला ९८२ मतं पडली. शेरीफाला हा निकाल दडपता येईना. पुढच्याच वर्षी कायदा बदलला.

एकोणिसाव्या शतकात एकेक काम शेरीफाच्या हातून सुटत गेलं. पोलिसी काम १८३६ मध्ये एकत्र बांधलेल्या सरकारी पोलीस दलाकडे गेलं. १८७१ च्या कायद्यानं ज्युरीची नावं आद्याक्षरांच्या क्रमानं, पाळीपाळीनं घ्यायला लावून शेरीफाची निवड संपवली. सरकारी वकील कोर्टात नको त्या माणसाला बाजूला उभं करतच राहिला, म्हणून ‘भरलेल्या ज्युरी’ची तक्रार तेवढ्यानं मिटली नाही. १८७७ मध्ये तुरुंग मध्यवर्ती मंडळाकडे आणि १८९८ मध्ये ग्रँड ज्युरीचा स्थानिक कारभार निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांकडे गेला. शेरीफाकडे उरलं ते सगळ्यांत अप्रिय काम.

दाराचा कायदा

काम प्रत्यक्ष करत असे तो हाय शेरीफ नव्हेच. तो एक उप-शेरीफ नेमत असे, बहुधा सॉलिसिटर. हाय शेरीफ वर्षाला बदले, उप-शेरीफ मात्र वर्षानुवर्षं तोच. त्याची कमाई वसुलीवरच्या टक्केवारीतून आणि फीमधून. त्याच्या हाताखाली बेलीफ.

त्याच्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे हुकूम येत. त्यांतला फरक कळला की त्या काळची छायाचित्रंसुद्धा नीट वाचता येतात.

पहिला हुकूम पैशाच्या वसुलीचा. त्याचं लॅटिन नाव ‘फियेरी फेशियास’, कोर्टाच्या बोलीत ‘फाय-फा’. अर्थ असा की या माणसाच्या चीजवस्तूंतून एवढी रक्कम उभी कर. पण इथे इंग्लिश कायद्याचा १६०४ चा एक जुना निवाडा आडवा येतो. खासगी देण्यासाठी राहत्या घराचा बाहेरचा दरवाजा फोडता येत नाही. दार उघडं असेल तर आत जा, आत गेल्यावर आतली दारं उघड. बाहेरचं दार बंद असेल तर वाट बघ. त्यामुळे देणेकरी दार लावून बसायचा आणि बेलीफ शेतातल्या गुरांवर डोळा ठेवायचे. गुरं कुरणात सापडली की हाकलून नेऊन लिलाव करायचा.

दुसरा हुकूम कब्जाचा, कोर्टाच्या बोलीत ‘हाबेरे’. कूळ खंड देत नाही म्हणून जमीनदारानं हुकूमनामा मिळवलेला असतो आणि शेरीफानं जमीन-घर जमीनदाराच्या ताब्यात द्यायचं असतं. इथे दार फोडायला मुभा आहे. ओंडका तिकाटण्याला टांगून भिंतीवर आदळतानाची आयरिश बेदखलीची छायाचित्रं, उदाहरणार्थ क्लेअरमधल्या किलरशजवळची १८८८ ची, ही सगळी कब्जाच्या हुकुमाची आहेत. वसुलीच्या हुकुमावर तो ओंडका चालवता आला नसता.

बेदखलीचा दिवस असा उजाडायचा. पहाटे उप-शेरीफ, जमीनदाराचा मुनीम, बेलीफ आणि बंदूकधारी पोलीस निघत. चर्चच्या घंटा आणि शिंगं वाजवून गावाला खबर मिळे. दाराशी उप-शेरीफ हुकूम दाखवून कब्जा मागे. नकार आला की बेलीफ कामाला लागत. मांडणी, खाट, बटाटे उकडायचं तिपाई भांडं, पाळणा, एकेक वस्तू अंगणात यायची. मग माणसं. आजारी म्हातारी असली तर खाटेसकट. सगळी माणसं बाहेर आल्याखेरीज कब्जा पुरा होत नसे. चुलीतला पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, विस्तव, जो त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विझू दिलेला नसे, तो विझवला जाई. शेवटी छपराची काडी किंवा मातीचं ढेकूळ मुनिमाच्या हातात ठेवून कब्जा दिल्याची खूण करायची आणि दार ठोकून बंद करायचं.

१८७९ नंतर कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीग या संघटनेनं या यंत्रणेचे सांधे बरोबर हेरले. लिलावात बोली लावायची नाही. जप्त गाय घेणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. बेलीफाला घोडागाडी भाड्यानं द्यायची नाही. घराची दारं-खिडक्या दगडांनी आणि झाडांच्या फांद्यांनी चिणायची, आतून उकळतं पाणी टाकायचं आणि शेरीफाचा एक दिवस एकाच घरावर खर्च करायला लावायचा. १८८६ मध्ये गॉलवेतलं वुडफर्ड आणि १८८७ मध्ये क्लेअरमधलं बॉडाइक यासाठी गाजलं. हुकूम खरा होता, पण तो बजावायचा खर्च वसुलीच्या कितीतरी पट होऊ लागला. सरकारनं यावर काढलेला उपाय बोलका आहे. १८८७ च्या जमीन कायद्यानं कुळाला नुसती लेखी नोटीस पाठवून ‘कूळ’पदावरून ‘राखणदार’पदावर आणायची सोय केली. पोस्टाचं पत्र आलं की कागदोपत्री बेदखली झाली, शेरीफ दाराशी न येताच.

स्वतंत्र देशात बेलीफ

परक्यांचं राज्य गेलं तरी देणी राहिली. १९२२-२३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना कोर्टांचे हुकूमनामे तुंबले होते. खंड, कर, दुकानदारांची येणी, कोणी काही देईना. गृहमंत्री केव्हिन ओ’हिगिन्स यांचं मत होतं की बेलीफाचं काम थांबणं हे समाज कोसळू लागल्याचं पहिलं लक्षण आहे. १९२३ मध्ये खास तात्पुरता कायदा करून उप-शेरीफांना जादा अधिकार दिले गेले आणि त्यांच्या पाठीशी लष्कराची एक तुकडीही उभी राहिली. चार वर्षांपूर्वी ज्यांनी ब्रिटिशांच्या बेलीफाला गावाबाहेर काढलं होतं, त्यांच्यातल्याच काहींना आता बेलीफ पाठवावा लागत होता. आम्हाला हा त्या नव्या देशाच्या आयुष्यातला फार महत्त्वाचा क्षण वाटतो.

१९२६ मध्ये दोन कायदे झाले. एकानं हाय शेरीफचं पद रद्द केलं आणि ठरवलं की उप-शेरीफ निवृत्त होईल किंवा मरेल तसतसं त्याचं काम त्या काउंटीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे सर्किट कोर्टाच्या पगारी अधिकाऱ्याकडे जाईल. दुसऱ्यानं वसुलीची पद्धत बांधली आणि देणेकऱ्याचं अंथरूण-पांघरूण, कपडे आणि १५ पौंडांपर्यंतची कामाची हत्यारं जप्तीतून वगळली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं आणि रूढीनं स्त्रीच्या अंगावरून न उतरवले जाणारे दागिने वगळले आहेत. तोच विचार.

१९३० च्या दशकात पुन्हा ठिणगी पडली. ब्रिटनशी व्यापारयुद्ध, गुरांचे भाव कोसळलेले, आणि जमीनदारांकडून विकत घेतलेल्या जमिनीचे वार्षिक हप्ते सरकार शेतकऱ्यांकडून वसूल करतंय. कॉर्क शहरात मार्शच्या गुरांच्या आवारात १३ ऑगस्ट १९३४ रोजी जप्त गुरांचा लिलाव होता. एक लॉरी फाटक तोडून आत घुसली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि एक तरुण मेला. त्याच्या वडिलांनी दावा लावला आणि हायकोर्टानं तो गोळीबार समर्थनीय नसल्याचं ठरवलं.

आज कोण काय करतं

१९४५ च्या कायद्यानं जुनं नाव परत आणलं. डब्लिन शहर, डब्लिन काउंटी, कॉर्क शहर आणि कॉर्क काउंटी या चार ठिकाणी सरकार शेरीफ नेमतं. हे बॅरिस्टर किंवा सॉलिसिटर असतात, सरकारी पगारदार नसतात. स्वतःचं ऑफिस, स्वतःचे बेलीफ आणि कमाई फीमधून. बाकीच्या काउंट्यांत हे काम काउंटी रजिस्ट्रार करतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर थकला म्हणून सरकारनं उरलेल्या भागांतही फक्त करवसुलीसाठी शेरीफ नेमले. त्यांना ‘रेव्हेन्यू शेरीफ’ म्हणतात.

निवडणुकीचं काम अजून त्यांच्याकडेच आहे. डब्लिन आणि कॉर्कमध्ये लोकसभेसारख्या ‘डॉल’च्या निवडणुकीचा निर्वाचन अधिकारी शेरीफ असतो, इतरत्र रजिस्ट्रार. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर २००७ मध्ये डब्लिन वेस्टमधून पहिल्यांदा निवडून आले. ती जागा डब्लिन काउंटीच्या शेरीफाच्या अखत्यारीतली.

अल्स्टरच्या ज्या सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या, तिथे हाय शेरीफ अजून आहेत, पण केवळ मानाचे. वसुलीचं काम १९६९ च्या कायद्यानं एका सरकारी कार्यालयाकडे दिलं. हे कार्यालय आधी देणेकऱ्याची सांपत्तिक स्थिती तपासतं आणि मग वसुलीचा कोणता मार्ग योग्य ते ठरवतं. ही पद्धत दक्षिणेपेक्षा शहाणपणाची आहे. दक्षिणेत शेरीफाला देणेकऱ्याकडे काय आहे याची आगाऊ माहिती मिळत नाही, त्यानं जाऊनच बघायचं.

दक्षिणेत आज काम असं चालतं. धनको आधी हुकूमनामा मिळवतो, मग त्यावर अंमलबजावणीचा आदेश काढून घेतो आणि फी भरून तो शेरीफाकडे किंवा रजिस्ट्रारकडे दाखल करतो. हा आदेश एक वर्ष चालतो. हुकूमनाम्याला सहा वर्षं उलटली असतील तर आधी कोर्टाची परवानगी लागते. कराच्या थकबाकीला मात्र कोर्टाची गरज नाही. १९९७ च्या कर कायद्याच्या कलम ९६२ खाली वसुली अधिकाऱ्याचं प्रमाणपत्रच थेट शेरीफाकडे जातं आणि त्याचं वजन कोर्टाच्या आदेशाइतकंच असतं. आयर्लंडमध्ये नव्यानं धंदा सुरू करणारे पुष्कळ जण इथे फसतात. कोर्टाची नोटीस येईल तेव्हा बघू म्हणून थांबतात आणि पहिलं पत्र येतं ते शेरीफाचंच.

पत्र आल्याबरोबर पैसे भरले किंवा हप्ते ठरवले तरी फी लागते. २००५ च्या दरानुसार वसूल रकमेच्या पहिल्या ५,५०० युरोंवर ५ टक्के आणि त्यापुढे अडीच टक्के. म्हणजे १०,००० युरो वसूल झाले तर २७५ अधिक ११२ युरो ५० सेंट, एकूण ३८७ युरो ५० सेंट, शिवाय दाखल फी आणि प्रवासखर्च. हा बोजा देणेकऱ्यावरच पडतो. म्हणून बोलणी करायची तर ती प्रकरण शेरीफाकडे जाण्याआधी, कर खात्याशी किंवा धनकोशी करावीत.

जप्तीत सर्वांत जास्त घोळ होतो तो मालकीचा. दारात उभी व्हॅन भाडेखरेदीची असते, यंत्र कंपनीचं असतं आणि देणं मालकाच्या नावावर, फर्निचर बायकोनं घेतलेलं असतं. दुसऱ्याची वस्तू उचलली तर शेरीफ स्वतः भरपाईला जबाबदार धरला जाऊ शकतो, त्यामुळे तो कागद मागतो. खरेदीची पावती, भाडेखरेदीचा करार, गाडीचं नोंदणीपत्र हाताशी असलं तर बऱ्याचदा वाद तिथेच मिटतो. तिसऱ्या माणसानं लेखी हक्क सांगितला आणि धनकोला तो मान्य नसला, तर शेरीफ प्रकरण कोर्टासमोर ठेवून कोण खरा मालक ते ठरवून घेतो. तोवर विक्री थांबते. लिलावात आलेल्या पैशातून आधी शेरीफाची फी व खर्च, मग धनकोचं येणं, आणि काही उरलं तर ते देणेकऱ्याला परत.

उचलण्याजोगं काहीच सापडलं नाही तर शेरीफ आदेशावर ‘नुल्ला बोना’, म्हणजे ‘माल नाही’, असा शेरा मारून तो परत पाठवतो. धनकोला वाटतं पैसे बुडाले, पण या शेऱ्याची किंमत मोठी आहे. देणेकरी कंपनी असेल तर आदेश असा रिकामा परत आल्यावर २०१४ च्या कंपनी कायद्यानुसार ती देणी फेडायला असमर्थ आहे असं धरलं जातं, आणि त्याच कागदाच्या आधारे धनको ती कंपनी गुंडाळण्याचा अर्ज हायकोर्टात करू शकतो.